मध्यम म्हणजे बुडणार

गोरेगावच्या वरच्या अंगाला जो काळा, काटेरी डोंगर आहे, त्याच्यावर नामाजीची मेंढरं चरायची. नामाजी साठीच्या पुढचा, पण त्याचा संशय अजून तरणाबांड. हॉटेलवाल्यानं चहात साखर जास्त घातली तर दूध नासकं असणार. जीपवाल्यानं पुढं बसवलं तर मागची सीट मोडलेली असणार. कुणी तब्येत विचारली तर हा मनात म्हणायचा, ह्याला काहून एवढी काळजी? बायको चंद्रभागाबाई आल्यागेल्याला सांगायची, "लग्नात माझ्या गळ्यात हार घालायच्या अगोदर ह्यांनी हार उलटा करून बघितला."

हसायला हरकत नाही, पण हा संशय काही आभाळातून पडला नव्हता. नामाजीला मिसरूड फुटत होतं तेव्हा त्याच्या बापाची मेंढरं नदीकाठच्या गायरानात चरायची. एक दिवस मोजणीची तिपाई घेऊन साहेबलोक आले. बापानं त्यांना ताक पाजलं आणि विचारलं, हे काय मोजून राहिलात? साहेब म्हणाला, "काही नाही बाबा, मध्यम प्रकल्प आहे. पुढं लेकरांसाठी पाणी होईल." बापानं त्यातला 'मध्यम' तेवढा ऐकला आणि निवांत झाला. मोठं धरण असतं तर बुडवलं असतं, मध्यम म्हणजे गुडघाभर पाणी, असा त्या भल्या माणसाचा हिशेब. ते गुडघाभर पाणी पुढं बाभळींच्या शेंड्यावरून गेलं. गायरान कुणाच्याच नावावर नव्हतं, त्यामुळं धनगराला कुणी विचारलंही नाही. चारा संपल्यावर बापानं मेंढरं बाजारात नेली, तेव्हा ह्याला दुसरा इलाज नाही हे खाटकालाही ठाऊक होतं. त्यानंतर बाप भिंतीला टेकून बसला तो बसलाच. नामाजीनं पुढं या डोंगरावर दोन मेंढ्यांपासून कळप उभा केला, पण 'मध्यम' हा शब्द त्याच्या कानात काट्यासारखा मोडून राहिला.

आणि हाच शब्द एक दिवस त्याच्या घरात, त्याच्या सुनेच्या तोंडून निघाला.

सून सीमा, म्हणजे जीप चालवणाऱ्या शिवहारची बायको. गावातल्या एका खाजगी शाळेत ती नवी नवी शिकवायला लागली होती. स्वभावानं गरीब, कामाला वाघ, सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर न ढळू देणारी. नामाजीला नेमका हाच संशय. एवढी चांगली कशी काय? त्या संध्याकाळी चुलीपुढं बसून ती पाठ करत होती, "उंचीनुसार प्रकार. कमी उंचीचे, मध्यम उंचीचे, जास्त उंचीचे." नामाजीच्या हातातली भाकर तिथंच थांबली. उंची कशाची मोजतात? धरणाच्या भिंतीची.

त्यानं सरळ विचारलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण सरळ विचारील तो नामाजी कसला! त्यानं घोट घोट पाणी पीत, दुसरीकडं बघत टाकलं, "सीमाबाई, हे मध्यम कुणासाठी व्हय?"

"लेकरांसाठी, मामा," ती म्हणाली.

साहेबाचेच शब्द. अक्षराचा फरक नाही. रात्रभर तो कूस बदलत राहिला आणि चंद्रभागाबाईनं काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "तुला काय करायचंय? तू बी सामील हायेस का?"

चारेक दिवसांनी तो डोंगरावर मेंढरं वळत होता. पाहतो तर सीमा एका पँटवाल्या माणसाबरोबर वर चढून आली. ते होते तिच्या शाळेचे मुख्याध्यापक, विश्वंभर सर. पण नामाजीनं शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं. तो मोठ्या धोंड्याआड दडला. सरांनी मोबाईल काढून आडवा-उभा धरला, काहीतरी वाचलं, आणि हात लांब करून पार मावळतीकडं दाखवलं. वाऱ्यानं शब्द तुटून येत होते. "उंची... पार खाली... मध्यम तिकडं... इथपर्यंत सगळं..." नामाजीला तेवढं पुरे झालं. पूर्वी तिपाई लागायची, आता मोबाईलवरच भागतं, एवढाच काय तो फरक.

राहिलेली शंका घरी फिटली. पडवीत गोणपाटाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. सून शाळेत गेल्यावर त्यानं गोणपाट उचललं. फळीवर मातीचे तीन डोंगर केलेले, एक बुटका, एक मधला, एक उंच, आणि तिन्हींच्या बुडाशी चौफेर निळा रंग. ओला, चकाकणारा, पाण्यासारखा निळा. बुटक्या डोंगरावर तर तिनं कापसाची मेंढरंसुद्धा चिकटवली होती. नामाजीनं त्यातलं पाण्याच्या कडेचं मेंढरू बोटानं वर सरकवलं आणि गोणपाट परत टाकलं.

बाप वाट बघत बसला आणि फसला. आपण बसायचं नाही, भाव येतोय तोवर कळप विकून टाकायचा, हे त्यानं ठरवलं. कुरुंद्याकडचा जळबा ओळखीचा मेंढपाळ, त्याला त्यानं निरोप धाडला. जळबा आला, मेंढरांचे दात बघितले, पाठी दाबल्या आणि म्हणाला, "चांगली हायेत की. इकून काहून राहिलास?" नामाजी म्हणाला, "थकलो बाबा." चंद्रभागाबाई रडली, भांडली, आडवी आली, पण त्यानं ऐकलं नाही. कळपाच्या पुढं चालणारी बांडी मेंढी टेम्पोत चढेना. नामाजीनंच तिला उचलून आत ठेवलं. टेम्पो गेला, आणि त्याला वाटलं, जिंकलो.

संध्याकाळी सीमा शाळेतून आली ती हसतच. "मामा, उद्या पोरांना घेऊन डोंगरावर येणार हाय मी. भूगोलाचा धडा तिथंच घ्यायचा. धडा पसंत पडला तर सर मला कायम करणार हायेत. तुमी मेंढरं घेऊन थांबा तिथं, पोरांना मजा वाटंल."

"मेंढरं इकली," नामाजी छाती काढून म्हणाला. "भरा म्हणावं आता पाणी."

"कसलं पाणी, मामा?"

त्यानं जाऊन गोणपाटच ओढून काढलं. "हे! हे निळं काय हाय मग?"

सीमानं निळ्यावर बोट ठेवलं. "समुद्र हाय तो. डोंगराची उंची समुद्रापासून मोजत्यात ना. हजार मीटरच्या खालचा कमी उंचीचा, त्याच्यावर दोन हजारापर्यंत मध्यम."

"इथं कुठला आला समुद्र?"

"इथं न्हाई, मामा. आन् मध्यम बी इथं न्हाई. ते तिकडं मावळतीला, कळसूबाई-बिळसूबाई. आपला डोंगर कमी उंचीचा. हा बुटका हाय ना, हाच आपला. म्हणून तर त्याच्यावर तुमची मेंढरं लावली."

नामाजी खाली बसला. बाप बसला होता तसाच, भिंतीला टेकून.

दुसऱ्या दिवशी तो कुरुंद्याला गेला. म्हणाला, चूक झाली, मेंढरं परत दे, काय दिलंस ते सगळं घे. जळबानं डोळे बारीक केले. "घाईघाईनं इकली काहून? आन् आता परत काहून मागून राहिलास? काहीतरी डाव हाय तुझा." नामाजी जळबाच्या जागी असता तर हेच म्हणाला असता. तो रिकाम्या हातानं परत आला.

आखाडात जळबाच मेंढरं घेऊन गोरेगावच्या डोंगरावर आला. खाली शेतांत सगळीकडं हळद लागलेली, मेंढरू उभं करायला जागा नव्हती, आणि नामाजीचा डोंगर मोकळा पडल्याचं त्याला माहीत होतं. नामाजीला राहवलं नाही. काठी टेकत तो वर चढला आणि लांब एका धोंड्यावर बसला. नुसतं बघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

बांडीनं मान वर केली. वारा तिच्याकडं होता. ती चरायची थांबली, दोन पावलं इकडं आली, आणि तिच्या मागून सगळा कळप वळला.

जळबा ताडकन उठला. "ए नामाजी! काय चारून राहिलास रे त्यांना? खिशात काय हाय तुझ्या?"

"काही न्हाई रे."

"दाव."

नामाजी उभा राहिला आणि त्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. तेवढ्यात बांडी येऊन त्याचा हात हुंगू लागली. त्या मेंढीच्या कपाळावर हात ठेवावा म्हणून त्याचा जीव तुटत होता. जीभ टाळूला लावून काढायची जुनी हाक त्याच्या घशापर्यंत आली होती. पण जळबाची नजर त्याच्यावरून हलत नव्हती, आणि ती नजर नामाजीला चांगलीच ओळखीची होती.

त्यानं दात गच्च मिटले, काठी आडवी धरली आणि बांडीला मागं लोटलं.