मार्गशीर्षातलं पाणी

कॉम्प्युटर मी मुंबईत शिकताना पाहिला, तोही काचेपलीकडून. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि दोन दिवसांनी छापील कागद घ्यायचा, एवढीच आमची ओळख. पण त्या कागदाचा मला भारी गर्व. मेहकर रस्त्यावरच्या एका तेलगिरणीत पहिली नोकरी लागली, तेव्हा मी शेटजींना ऐटीत सांगितलं की नव्या विभागाचा कंडेन्सर अंदाजाने नको, कॉम्प्युटरवर ठरवू. कॉम्प्युटर चुकत नसतो, हेही मीच वर जोडलं.

सरकीच्या पेंडीत उरलेलं तेल पेट्रोलसारख्या द्रवात उतरवायचं, मग तो द्रव तापवून उडवायचा आणि कंडेन्सरमध्ये पाण्याने गार करून परत धरायचा, असं ते काम होतं. पाणी जितकं गरम, तितका कंडेन्सर मोठा लागतो. पुस्तकातला आकडा उचलणाऱ्यांतला मी नव्हतो. मार्गशीर्षात गिरणीच्या विहिरीत थर्मामीटर सोडून पाण्याचं तापमान मी स्वतः घेतलं आणि तो आकडा घालून कार्डं मुंबईच्या मित्राकडे पाठवली. कागद आला, त्याबरहुकूम कंडेन्सर आला. माघ-फाल्गुन यंत्र झकास चाललं.

मी मूळचा त्याच भागातल्या देऊळघाटचा. चैत्रात आमच्याकडच्या विहिरी तळ दाखवतात, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरी शहाण्याने तेच विसरावं! गिरणीची विहीर आटली. टाक्यातलं तेच ते पाणी फिरवून वापरायची वेळ आली आणि त्या ऊन पाण्याने द्रवाची वाफ गार होईना. एका दुपारी ती बाहेर पडली आणि आवारभर वास सुटला. यंत्रावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी, आम्ही त्यांना चाचा म्हणत असू, धावत जाऊन द्रव तापवणाऱ्या बॉयलरच्या वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला, म्हणून आग लागली नाही.

शेटजींनी चाचांनाच घरी बसवलं. यांनीच बॉयलरची वाफ जास्त सोडली असणार, असं त्यांचं म्हणणं. पाणी ऊन होतं, असं चाचांनी दोनदा सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण. मी भीत भीत शेटजींपुढे उभा राहिलो आणि चूक माझी आहे, मी फक्त हिवाळ्याचं पाणी धरलं, असं कबूल केलं. ते हसले. म्हाताऱ्याला वाचवायला पाहतोस, म्हणाले, कॉम्प्युटर कुठे चुकतो? माझीच फुशारकी माझ्या अंगाशी आली होती.

मग मित्राला पत्र लिहून पाण्याचं तेवढं एक कार्ड बदलायला सांगितलं. पंधरा दिवसांनी नवा कागद आला: चैत्रातल्या पाण्याला कंडेन्सर दीडपट हवा. शेटजींना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, तरी चष्मा लावून त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि चाचांना बोलवा म्हणाले.

तो निरोप सांगायला मी स्वतः चाचांच्या घरी गेलो. चाचा खूश होतील, अशी माझी समजूत. कागदात काय आलं, एवढंच त्यांनी विचारलं. पाणी ऊन होतं म्हणून वाफ सुटली, असं आलंय, मी म्हणालो.

"वीस वर्सं यंत्रावर काढले, साहेब," ते म्हणाले. "म्या सांगतलं तं खोटं, अन् कागदानं सांगतलं तं खरं?"

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले. त्यानंतर यंत्राबद्दल मी त्यांना काहीही विचारलं, की शांतपणे म्हणायचे, "कागदाले विचारा."