फळीवरची रिकामी बाटली

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेवगावच्या अलीकडे खडी फोडायचं दुष्काळी काम चालू होतं. तिथं बनुबाई माणसांना पाणी पाजायची. चारशे माणसं आणि विहीर एकच, तीही तळाला गेलेली. तरणेपणीच नवरा गेला, तेव्हापासून लोकांच्या रानात खुरपून तिनं एकुलती लेक रंगू वाढवली होती. रंगूही याच कामावर होती. तिची सहा महिन्यांची पोर बाभळीला बांधलेल्या झोळीत निजायची.

"मावशे, पान्याला वास येतोय गं!"

"तुज्या नवऱ्याच्या तोंडाचा आसंल," बनुबाई म्हणाली. बाया खिदळल्या. पण वास तिलाही आला होता.

दुपारी ती हजेरी कारकुनाच्या, दत्तोपंतांच्या, मांडवात गेली. विहिरीचं पाणी भरून नगरला तपासणीसाठी पाठवायची बाटली महिनाभर तिथल्या फळीवर रिकामीच होती.

"पंत, भरून आनू का ती?"

दत्तोपंतांनी मस्टरमधून मान वर केली नाही. "बाटली गेली की कागद येतो, बनुबाई. कागद आला की विहीर बंद, अन् विहिरीबरोबर काम बंद. तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही."

काम बंद पडलं तर चारशे घरांत चूल पेटणार नव्हती. त्यात रंगूचंही घर होतं.

"व्हय," ती म्हणाली आणि परत फिरली.

मग ती पाण्यात तुरटी फिरवू लागली. पाणी नितळ दिसायचं. ओतताना ती तोंड बाजूला वळवायची. कुणी विचारलंच तर, "ग्वाड हाय, पी."

आठवड्याभरात रंगूच्या पोरीला जुलाब लागले. डोळे खोल गेले, ओठ सुकले.

"आये, पानी दे की तिला!"

बनुबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दुसरं पाणी नव्हतंच. शेवटी तिनं तेच पाजलं. दिवेलागणीला पोर गेली.

सकाळी बनुबाईनं न विचारता फळीवरची बाटली घेतली, भरली आणि दत्तोपंतांच्या मस्टरवर ठेवली.  त्यांनी उठून ती एस.टी.नं नगरला पाठवली.

कागद आला, काम थांबलं. घरी परतताना वाटेत रंगूनं विचारलं, "आये, तुला वास आला हुता?"

"व्हय."

त्यानंतर बनुबाई दहा वर्षं जगली. तहान लागली की रंगू स्वतः उठून पाणी घ्यायची. आईच्या हातून तिनं पुन्हा कधी घेतलं नाही.