आफ्रिकेत कसली आलीय थंडी

आमच्या टूरच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत. साठी ओलांडलेल्या माणसाला फक्त बॅग भरायला सांगायचं. दोन-तीन किस्से आपोआप आत येऊन पडतात, आणि मग झिप लागत नाही.

ऑफिस मामाचं, नाशिकला कॉलेज रोडवर. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून तिथे बसतो, ही माहिती मामा गिऱ्हाइकाला चहाच्या आधी देतो. यंदा जुलैत साउथ आफ्रिका-झिम्बाब्वेचा ग्रुप होता. मामाने अट घातली, "या लोकांचं पॅकिंग नीट करून घे. जमलं तर मॅनेजर म्हणून तू जा. गोंधळ झाला तर मी जातो, आणि तू मुकाट्याने कॉलेजात." तिकिटं दोघांचीही काढून ठेवलेली. एक वाया जाणार हे नक्की होतं.

*

पहिल्या मीटिंगमध्ये मी सांगितलं, तिकडे जुलै म्हणजे हिवाळा. पहाटे उघड्या जीपमधून जंगलात जायचंय, हाडं गोठतात. गरम कपडे घ्या.

भालेराव सर उभे राहिले. यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. म्हणजे बघा.

"दक्षिण गोलार्धात आत्ता हिवाळा असतो, हे तू मला शिकवू नकोस," ते म्हणाले. "पण हिवाळा कुठला? आफ्रिकेतला! तिकडचे सिंह काय स्वेटर घालून हिंडतात?"

सगळा ग्रुप हसला. मामा सगळ्यात जोरात हसला, कारण निम्मा ग्रुप सरांनीच आणलेला.

"सर, सिंहाला आयाळ असते," मी म्हटलं. "तुम्हाला टोपी लागेल."

सर डोक्यावरून हात फिरवत खाली बसले. मामाने मला आतल्या खोलीत नेऊन झापलं.

*

कुसुमकाकू, म्हणजे सरांच्या मिसेस. मी त्यांच्या घरी बॅग तपासायला गेलो. बॅगेत चिवडा, शंकरपाळे, मेतकूट, थालिपिठाची भाजणी. झिम्बाब्वेत दुष्काळी कामावर चालल्यासारखी तयारी.

"काकू, स्वेटर कुठाय?"

"आहे की. लोणच्याच्या बरणीला गुंडाळलाय. फुटायला नको."

"आणि तुम्हाला थंडी वाजली तर?"

"तोवर लोणचं संपेल रे."

*

जंगलात भडक रंग चालत नाहीत, मातकट कपडे घ्या, असं मी ग्रुपवर टाकलं. पाचव्या मिनिटाला काकूंचा फोन. "आयुष्यात पहिल्यांदा परदेशात चाललेय आणि फोटोत दिसू नको? मी राणी कलरचाच ड्रेस घेणार."

"काकू, लांबून सिंहाला दिसाल."

"दिसू दे. एवढ्या वर्षांत आमच्या ह्यांना दिसले नाही."

मागून सरांचा आवाज आला, "कुणाचा फोन आहे गं?"

*

शेवटी मी वैतागलो. दुसऱ्या मीटिंगला ऑफिसचा एसी सोळावर टाकला, वर पंखा फुल, आणि सगळ्यांना हाफ शर्टावर बसवून ठेवलं. दहा मिनिटांत काकूंनी डोक्यावरून पदर घेतला. मामा फाइलने कान झाकून बसला.

"ही थंडी आफ्रिकेची नाही," सर दात वाजवत म्हणाले. "ही तुमच्या एसीची आहे."

पण पटलं. ग्रुपमधले सय्यदचाचा, देवळाली कॅम्पात त्यांचं कपड्यांचं दुकान होतं, ते उठून म्हणाले, "तू टेन्शन नको घेऊ बेटा. सगळ्यांचे जॅकेट माझ्याकडे लागले. एक नंबर माल आणतो."

मी त्या रात्री शांत झोपलो. एवढा मूर्ख मीही आहे.

*

निघायचा दिवस उजाडला. ऑफिससमोर मुंबई एअरपोर्टची बस लागली, आणि रिक्षांमधून आमचा ग्रुप उतरला. सगळ्यांच्या अंगात लष्करी जॅकेटं. हिरवे-तपकिरी ठिपके, ढीगभर खिसे. देवळाली कॅम्प म्हणजे लष्कराची छावणी, तिथल्या बाजारात दुसरं काय मिळणार? काकूंनी आतून राणी कलरचा ड्रेस घातलेला. सर तर मला सॅल्यूट ठोकून मोकळे झाले.

झिम्बाब्वेत साध्या माणसाने असलं कापड अंगावर घालणं गुन्हा आहे. हे मी पहिल्याच मीटिंगला सांगणार होतो. तेव्हा मामा म्हणाला होता, "कशाला घाबरवतोस लोकांना? कोण घालतंय मिलिटरीचे कपडे!"

"काढा सगळे," मी ओरडलो. "तिकडे पकडतील."

"बेटा, असली माल आहे," चाचा दुखावून म्हणाले.

"चाचा, म्हणूनच पकडतील."

जॅकेटं उतरली. आता गरम कपडे शून्य, काकूंचा बरणीवरचा स्वेटर सोडला तर. मामाने स्वतःची बॅग बसच्या डिकीत ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मला कॉलेजची कँटीन दिसायला लागली.

मग आठवलं. मामा प्रत्येक टूरनंतर लोकांचा सत्कार करतो. कपाटात लोकरी शालींचा गठ्ठा पडलेला असतो. मी तो उचलून आणला आणि पहिली शाल सरांच्या हातात कोंबली.

सरांनी ती घेतली नाही.

"शाल हातात देतात का रे? पांघरायची असते."

मी पांघरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "नारळ?"

"नारळ विमानात चालत नाही, सर."

"बरं. मग निदान दोन शब्द बोलतो."

ते बोलले. मग काकूंना वाटलं आपणही बोलावं. चाचांनी शेर ऐकवला. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, रस्त्यावरची माणसं थांबून टाळ्या वाजवतायत, आणि मी एकेकाला शाल पांघरतोय. घाम निथळत होता.

शेवटी एकच शाल उरली. सरांनी ती माझ्या हातातून घेतली, झटकली, नीट उलगडली. मला वाटलं, आता माझा सत्कार. मी मान खाली घातली.

सर माझ्या बाजूने बसमध्ये चढले आणि त्यांनी ती शाल ड्रायव्हरला पांघरली.

मामाने डिकी उघडली आणि स्वतःची बॅग खाली काढली.

मी तसाच वाकून उभा. सर बसच्या पायरीवरून खेकसले, "तू कसली मान वाकवतोयस? मॅनेजर ना तू? आमच्या बॅगा चढव."