तारेची गाडी

नथू चावीवाल्याला ऐकू येत नाही, हे लोणावळ्याजवळच्या औंढ्यात दोनच जीवांना माहीत होतं. एक बायको रतनबाई आणि दुसरी दावणीची म्हैस. रतनबाई कुणाला सांगत नव्हती आणि म्हशीला कुणी विचारत नव्हतं.

रेल्वेतला चावीवाला म्हणजे कुलपांचा धनी नव्हे. रूळ खालच्या स्लीपरला धरून ठेवणारे जे लोखंडी आकडे असतात, त्यांना चाव्या म्हणतात. त्या सैल झाल्या की हातोड्यानं ठोकायच्या, बोल्ट आवळायचे, आणि झेंडे-पाना सांभाळत रोज सहा किलोमीटर एकट्यानं चालायचं, ही नथूची नोकरी. अठ्ठावीस वर्षं लोखंडावर लोखंड आपटल्यावर उजवा कान गेला. डावा मर्जीचा मालक होता. लागला तर लागला. मग एका हिवाळ्यात त्यानंही राजीनामा दिला.

मागच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी नथूला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून हळू आवाजात प्रश्न विचारले. पुढच्या गड्याकडून त्यानं प्रश्न आधीच काढून घेतले होते: नाव, गाव, गँग. भिंतीवर काचेचा तक्ता होता, त्यात डॉक्टरांचे ओठ हलताना दिसत. ओठ हलले, उत्तर दिलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "जेवलास का?" नथू छाती काढून म्हणाला, "गँग नंबर सात." डॉक्टर हसले. बाहेर चाळीस जण रांगेत होते. शिक्का बसला.

कान गेल्याचं एकदा कागदावर आलं की माणसाला लाइनवरून उतरवतात आणि डेपोत बसवतात. झाडू, पाणी, फायली इकडून तिकडे. निवृत्तीला अजून चार वर्षं होती. पण नथूला वर्षांचं काही नव्हतं. औंढ्यात नथू तिघं होते, त्यातला एक सरपंचाचा चुलता. चावीवाला मात्र एकच. पाव्हणेसुद्धा घर विचारताना चावीवाल्याचं घर विचारत. ते गेलं तर आपण नेमके कितवे नथू, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

बाकी सगळीकडे डोळ्यांवर भागत होतं. दोन्ही बाजूंना मैलभर रूळ दिसले की कानांवाचून अडत नाही. भीती एकाच जागेची होती. चौदा नंबरचा मुका जोड.

रुळांतून बारीकशी वीज सोडलेली असते. गाडी आली की तिची चाकं दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात आणि मागचा सिग्नल आपोआप लाल होतो. ही वीज तुकड्या-तुकड्यानं वाटलेली असते. एका तुकड्याची दुसऱ्यात शिरू नये म्हणून, जिथं तुकडे भेटतात तिथं रुळाच्या टोकांमध्ये पेन्सिलीच्या जाडीची नायलॉनची पट्टी ठेवतात. जोडाला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना आतून अस्तर लावतात, बोल्टांना नळ्या घालतात. कागदावर त्याचं नाव इन्सुलेटेड जॉइंट. गँगवाले म्हणतात मुका जोड, कारण तो इकडचं तिकडे सांगत नाही.

पण लोखंडाला गप्प बसवणं सोपं नाही. चाकांच्या मारानं रुळाचं टोक चेपतं आणि त्याची जीभ पट्टीवरून पलीकडे लोंबायला लागते. वर घाटाच्या तोंडाशी गाड्या ब्रेक दाबतात, त्याचा लोखंडी भुगा फटीत गच्च बसतो. मग पट्टी असून नसल्यासारखी. गाडी नाही, घोडी नाही आणि सिग्नल लाल. म्हणून रोज तो भुगा ब्रशानं काढायचा, बोल्ट पाहायचे. दहा मिनिटांचं काम, पण वाकून, मान खाली घालून. आणि चौदा नंबर होता डोंगर कापून काढलेल्या वळणात. दोन्हीकडे शंभर पावलांच्या पुढं दिसायचं ते नुसतं कातळ.

श्रावणात एकदा तो असाच वाकलेला असताना मागून एकटं इंजिन आलं. नशिबानं ब्रश फटीत अडकला म्हणून तो झटका देऊन मागं सरला आणि इंजिन त्याची टोपी घेऊन गेलं. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तोंड वासत होता. शिव्या ऐकू न आल्यामुळं नथूचा अपमान तेवढा झाला नाही. बाकी सगळं झालं. खडीवर बसून त्यानं विडी काढली, ती पेटवायला सात काड्या लागल्या.

घरी रतनबाईनं त्याच्या समोर बसून, तोंड दिसेल अशा बेतानं विचारलं, "टोपी कुटं हाय?"

"वाऱ्यानं गेली."

"वाऱ्याला डबं किती व्हतं?"

नथू ताटात बघत राहिला. ऐकू न येण्याचा एवढा एक फायदा त्यानं संसारात पुरेपूर उचलला होता.

सिग्नल खात्याची मेंटेनर सारिका लोणावळ्याचीच. तिशीची, डिप्लोमावाली. नवरा तळेगावला कारखान्यात, पोरगी पहिलीत. रुळांवर काम करून तिला मोठ्यानं आणि समोर बघून बोलायची सवय लागलेली, त्यामुळं सगळ्या रेल्वेत नथूला तिचं बोलणं सर्वांत नीट कळे. त्याच महिन्यात तिची चाचणी होती. तिनं थैलीतून चिमटे लावलेली एक तार काढली, एक चिमटा या रुळाला लावला, दुसरा त्या रुळाला, आणि फोनवरून स्टेशनला विचारलं. सिग्नल लाल झाला होता.

"ही तार म्हणजे गाडी, आबा," ती म्हणाली. "रुळाला डोळे नाहीत. वर अख्खी मालगाडी आहे की माझी तार, त्याला सारखंच. दोघींना सारखाच मान."

"म्हंजी तार हाय तवर मागनं दुसरी गाडी यायची न्हाई?"

"सिग्नल लाल म्हटल्यावर कशी येईल?"

नथूनं मान डोलावली. कुणाला वाटावं, म्हातारा शिकायला उत्सुक आहे.

आठवड्यात त्यानं जीपच्या बॅटरीचे जुने चिमटे मिळवून स्वतःची तार केली. मग रोजची रीत बसली. सकाळची गाडी वळणावरून जाऊ द्यायची, शेवटचा डबा गेला रे गेला की तार लावायची. गाडी अजून तिथंच उभी आहे, असं रुळाला वाटे. मागचा सिग्नल लालच राही. मग नथू निवांत वाकून भुगा काढी. त्या लाइनीवर इतका साफ जोड दुसरा नव्हता. काम झालं की चिमटे काढायचे, तार पोटाशी गुंडाळायची आणि पुढं चालू लागायचं.

फक्त स्टेशनातलं यंत्र हे सगळं मिनिटासकट लिहून घेत होतं.

एखादी गाडी सहा मिनिटं अडकली, एखादी नऊ. गाडी अडकली तेवढेच बिघाड धरले, तरी चौदा नंबर बिघडला आणि आपला आपण बरा झाला, असं महिन्यात अकरा वेळा झालं. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारावर वैद्य चिडतो, तसे वरचे साहेब चिडले. सारिकानं अस्तर बदललं, नळ्या बदलल्या, पुन्हा सगळं बदललं. भर पावसात, ओली होऊन. पाना धरायला नथूच होता.

गँगचा मुकादम बाजीराव छत्री घेऊन उभा होता. "तुमची वीज, तुमचं नायलॉन, तुमचा सिग्नल. आमचं नुसतं लोखंड हाय बाई, आन ते जाग्यावर हाय."

"तुमचं लोखंड जागेवर राहत नाही म्हणून माझं नायलॉन फाटतं, मुकादम. जोडाखाली खडी भरलीत का?"

"भरली. चव घ्यून बघता का?"

सारिका हसली नाही. ती नथूकडे वळली. "आबा, हा जोड घड्याळ बघून बिघडतो. दर वेळी साडेदहा ते अकरा. तुम्ही त्याच सुमाराला इथं असता. काही दिसतं का?"

नथूनं पाना दुसऱ्या हातात घेतला. "उघडीप झाली की उनाचं आसंल. लोखंड फुगतं."

तिनं ते खरं मानलं. अठ्ठावीस वर्षं लाइनवर काढलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर कुणीही मानलं असतं. अहवालात तिनं लिहिलं: उष्णतेमुळे रूळ प्रसरण पावून बिघाड. आणि पुढचा बिघाड झाला तो धुक्याच्या दिवशी, समोरचा माणूस दिसत नव्हता तेव्हा. बैठकीत साहेबांनी तो अहवाल सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि लोणावळ्यातलं ऊन कुणी पाहिलंय का, असं विचारलं. लोक हसले. चार दिवसांनी तिला हयगयीचा मेमो मिळाला.

हे नथूला बाजीरावाकडून कळलं. बाजीरावाला सगळ्याच गोष्टी ओरडून सांगायची हौस, म्हणून बरं. त्या रात्री नथू जेवला नाही. सकाळी त्यानं तार विळ्या-खुरप्यांच्या पेटीत टाकली. आपण बंद केलं की जोड बरा होईल, जोड बरा झाला की बाई सुटेल, आणि कुणाला काही सांगावंही लागणार नाही, असा त्याचा हिशेब.

पुढचे अठरा दिवस तो वळणावर कानांवाचून आणि तारेवाचून वाकला. दर चार झटक्यांनी मान वर. तळहात रुळावर ठेवून थरथर शोधायची, पण त्याचे हातच इतके थरथरत की रुळाची कुठली आणि आपली कुठली, कळत नसे. एकदा तर नुसत्या पाखराच्या सावलीला भिऊन तो चरात जाऊन पडला आणि गुडघा फोडून घेतला.

जोड बरा झाला. एकही बिघाड नाही.

पण तार पेटीत गेली त्याच आठवड्यात साहेबांनी सारिकाला त्या भागावरून हलवून दुसरा मेंटेनर दिला होता. बाजीरावानं चहाचा कप पुढं करत आनंदानं सांगितलं, "बघ नथ्या. बाई गेली आन जोड सुदारला. सायबानं कागदावरच घातलं तसं. हयगय तिचीच व्हती म्हनून. आता बदली, लांब, पार सोलापूरकडं."

नथूला वाटलं, आपण ओठ वाचण्यात चुकलो. त्यानं पुन्हा सांगायला लावलं. चूक नव्हती.

रतनबाईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तवाच बोलला आसता तर डोक्यावर टोपी तरी ऱ्हायली आसती."

"आता बोललो तर चावी जाईल."

"आन न्हाई बोलला तर?" उत्तराची वाट न बघता ती म्हशीला पाणी दाखवायला उठली. दारातून मागं वळून, तोंड दिसेल असं, म्हणाली, "तिची पोरगी पयलीत हाय म्हनला व्हता."

सुटीच्या दिवशी, इस्त्रीचा सदरा घालून, नथू साहेबांसमोर उभा राहिला.

"सायेब, चौदा नंबर सारिकाबाईनं न्हाई बिघडवला. मी बिघडवत व्हतो. तार लावून."

साहेब फायलीत बघत काहीतरी म्हणाले.

"सायेब, मान वर करून बोला. तोंड दिसल्याबिगर मला कळत न्हाई."

साहेबांनी मान वर केली. तुला कुणी पाठवलं, असं विचारलं. नथूनं कुणी नाही म्हणून सांगितलं, मग इंजिनाचं, टोपीचं, चिमट्यांचं सांगितलं. साहेबांचा विश्वास बसेना. पंधरा दिवसांमागं धोक्याच्या सूचना ऐकून घेतल्याची सही याच माणसानं त्यांच्यासमोर केली होती, सगळं ऐकल्यासारखी मान हलवत. त्यांनी बोटानं भिंत दाखवली. नथू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ही भिंत कोरी होती, चुन्याची. तो ऐकायची शिकस्त करत उभा राहिला. आतून काही येतं का बघत होता. बराच वेळ गेला. मग खांद्यावर हात पडला. वळला तर दारात कारकून, शिपाई, सगळे गोळा झालेले. साहेबांनी हाका मारल्या होत्या, शेवटी टेबलावर रजिस्टर आपटलं होतं, असं शिपायानं नंतर खुणा करून सांगितलं. साहेबांचा राग उतरलेला दिसत होता. त्यापेक्षा तो असता तर बरं झालं असतं.

हातोडा, पाना, झेंडे त्याच दुपारी जमा झाले. चालू गाड्या अडवल्याची चौकशी लागली, ती अजून चालू आहे. औंढ्यात दोन दिवसांत सगळ्यांना कळलं, आणि आता लोक त्याच्याशी एवढ्या मोठ्यानं बोलतात की म्हैस बिचकते.

सारिकाच्या कागदावरचा हयगयीचा शेरा खोडला गेला. बदली राहिली. तिच्या जागी माणूस बसलेला होता, आणि बसलेल्या माणसाला उठवायला वेगळा कागद लागतो. नवीन हुकुमात कारण तेवढं बदललं: प्रशासकीय.

निघण्याआधी ती हत्यारं परत करायला डेपोत आली. नथू गोदामाच्या दारात स्टुलावर बसून नायलॉनची अस्तरं मोजून गठ्ठे बांधत होता. तिनं थैली काउंटरवर रिकामी केली, सही केली. जाता जाता त्याच्यासमोर थांबली. नेहमीसारखी, समोर बघून, पण आज मोठ्यानं नाही.

"मला सांगायचं होतंत, आबा. मी उभी राहिले असते तुमच्यासाठी. रोज दहाच मिनिटं."

शब्द न् शब्द त्याला कळला. तो हात कानाशी नेऊन म्हणाला, "आं?"

तिनं रिकामी थैली खांद्याला अडकवली. "काही नाही," म्हणाली आणि पुण्याची गाडी धरायला गेली. नथूचा गठ्ठ्यातला आकडा चुकला होता. त्यानं दोरी सोडली आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.