अक्काचा डावा कोपरा

अक्का माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी पायांकडे. नवी पोरगी सरावाला आली की तिचं नाव-गाव विचारायच्या आधी तिला मैदानात चार पावलं चालायला लावायची आणि म्हणायची, "उजवा पाय आधी टाकस ही. सापडनी." एकदा धुळ्याहून तिला बघायला पाहुणे आले. मुलगा चांगला होता, पगारी होता. पण अक्कानं चहाचा ट्रे ठेवतानाच त्याची पावलं बघून घेतली आणि आत येऊन आईला सांगितलं, "हाऊ बसता बसता बी मांगे सरकस. माले नको." तिच्या आईनं कपाळावर हात मारला. तसंही ते जमणं अवघडच होतं, कारण अक्काला पुढचे दोन दात नव्हते आणि पाहुण्यांसाठी तरी खोटे बसवून घे म्हटलं तर ती ऐकायला तयार नव्हती.

ते दात एका चढाईत गेले होते. आम्ही कबड्डी खेळायचो, जळगावात, मातीच्या मैदानावर. मॅट वगैरे तेव्हा कुणी पाहिलीही नव्हती. मी नशिराबादची, चढाई करणारी. अक्का डाव्या कोपऱ्यात उभी राहून समोरच्या संघाची चढाई अडवणारी. कबड्डीत फोटो चढाई करणारीचा छापून येतो आणि लाथा कोपऱ्यातलीला बसतात, अशी आमची सरळ वाटणी होती. एका दांडग्या पोरीची टाच तोंडावर बसली तरी अक्कानं तिचा घोटा सोडला नव्हता. शिट्टी झाल्यावर तोंडातलं रक्त थुंकून ती हसली. "दात गया तं गया, पाय तं धरेल व्हता ना!"

ती माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, पण माझी आईसुद्धा तिला अक्काच म्हणे. दिवसभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींपाशी राबून ती संध्याकाळी मैदानावर यायची, तेव्हा तिच्या केसांत कापूस अडकलेला असायचा. आल्या आल्या मला चढाई करायला लावायची, धरायची, आपटायची आणि माझं कुठं चुकलं ते सांगायची. मला लवकर रडू यायचं. त्यावर तिचा तोडगा ठरलेला होता. "रडानं व्हई तं कबड्डी-कबड्डी म्हनत रड. दम तुटाले नको." मी खरोखरच तशी रडत रडत खेळायला शिकले.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेव्हा गावोगावच्या स्पर्धांत पुरुषांच्या संघांना मानधन मिळे, जिंकल्यावर रोख बक्षीस मिळे. आम्हाला मिळे साडी, नारळ आणि स्टीलचा डबा. वर कुणीतरी पुढारी भाषणात आम्हाला रणरागिणी म्हणे. अक्काच्या घरात डब्यांची चळत लागली होती, त्यात भरायला मात्र फारसं काही नव्हतं.

पाचोऱ्याजवळच्या एका गावी आम्ही अंतिम फेरीत पोचलो. सामन्याआधी अक्का आयोजक आबांकडे गेली. आबा मोठे शेतकरी, मनानं वाईट नव्हते.

"आबा, पोऱ्यासले काय दी ऱ्हायनात?"

"त्यासले मानधन शे, रोख शे."

"अन आम्हले?"

"तुम्हले साडी शे ना. गोडनं जेवन शे."

अक्का तिथूनच वळली. मैदानात आली आणि मध्यरेषेवर मांडी घालून बसली. शिट्टी झाली, पंच ओरडले, ती हलेना. "फुकट खेळाले मी काय देवीले नवस बोलेल शे का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, पोरीसनी जात आन पैसा मांगस! अक्कानं तिथूनच उत्तर दिलं, "जात पोरीसनी शे, पन गुडघा मनाच फुटस ना!" आम्ही सहा जणी आधी नुसत्या उभ्या होतो. मग मी बसले. मग एकेक करत सगळ्याच बसल्या. समोरच्या संघातल्या पोरी आमच्याकडे बघून हसत होत्या, पण त्यांतल्या दोघी बसल्यासुद्धा. लांबून आलेले प्रेक्षक शिट्ट्या मारू लागले तेव्हा आबांनी नाइलाजानं स्वतःच्या खिशातून दोन्ही संघांना पैसे दिले. सामना झाला, आम्ही जिंकलो. खेळाची ती माझी पहिली कमाई.

पण प्रकरण कबड्डी संघटनेपर्यंत गेलं. पैशांसाठी सामना अडवला म्हणून आमच्या अख्ख्या संघावर बंदी आली, आणि राज्याच्या संघाची निवड तर तोंडावर होती. त्या संघात निवड झाली की खेळाच्या जोरावर सरकारी नोकरी लागायची. अक्काची निवड तर कुणीही सांगितली असती. माझीही आशा होती, आणि माझ्या घरी त्या नोकरीवाचून दुसरा आधार नव्हता.

संघटनेनं आम्हाला सगळ्यांना बोलावून घेतलं. सचिव शांतपणे म्हणाले, लेखी माफी द्या, विषय मिटवू. अक्का म्हणाली, "माफी कसानी? चोरी करेल शे का आम्ही?" ते म्हणाले, मग सगळ्यांचंच नुकसान होईल. अक्कानं आम्हा सहा जणींकडे एकवार पाहिलं. मग म्हणाली, "या पोरीसले काही ठाऊक नव्हतं. मीच त्यासले दम दीसन बसाडं." मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाखाली तिची टाच माझ्या बोटांवर अशी बसली की डोळ्यांत पाणी आलं. आमच्यावरची बंदी उठली. अक्कावर कायमची बसली.

बाहेर आल्यावर मी तिच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, अक्का, एक कागद लिहून दिला असतास तर तूही राज्याकडून खेळली असतीस, काय बिघडलं असतं? ती रस्त्याकडेच्या गाडीवर केळी निवडत होती. म्हणाली, "मी लिखी देसू तं पुढल्या पोरीसले बी डबाच भेटी. तू नोकरी कर. मी खेळस."

माझी निवड झाली आणि मला एका सरकारी खात्यात नोकरी लागली. अक्कानं स्वतःचा संघ काढला आणि यात्रांमधल्या, गावजत्रांमधल्या स्पर्धा खेळू लागली. तिथं संघटनेची बंदी कुणी विचारत नव्हतं. रावेरपासून धुळ्यापर्यंत तिच्या पोरी ट्रकमध्ये बसून जात. तिचा नियम एकच होता, पैशांची बोली आधी, खेळ नंतर. लोक तिला भाडोत्री म्हणत. ती चिडत नसे, उलट मान हलवी. "हा, शे भाडोत्री. ढोलवाला बी भाडानाच आनतस ना? त्याले कोन्ही नावं ठेवत नही." वर्षं गेली, तिचा डावा गुडघा सुजायला लागला, डॉक्टरनं खेळ बंद करायला सांगितलं. तिनं डॉक्टर बदलला.

धुळ्याजवळच्या एका जत्रेतल्या स्पर्धेला आमच्या खात्याचा संघ गेला आणि समोर अक्काचा संघ आला. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. चढाई माझी. मी तिच्या कोपऱ्याकडे गेले नाही, दुसऱ्या बाजूनंच परतायला वळले, तरी तिनं कोपऱ्यातून झेप घेऊन माझा घोटा धरलाच. मी मध्यरेषेकडे अंग टाकलं. तेव्हा मागे काडकन आवाज झाला. तो तिच्या गुडघ्याचा होता, हे मला लगेच कळलं. दुसरी कुणी असती तर सोडून दिलं असतं. रेषा माझ्या बोटांपासून वीतभर लांब राहिली आणि माझा दम सुटला.

मी मातीत बसून रडत होते. अक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाली, "रंजू, रडू नको. पंचले इचार, पॉइंट कोणना?"

आयोजक जीप घेऊन धावत आले. चार जण तिला उचलायला वाकले, तर तिनं हात वर करून थांबवलं. तिथं अर्धं मानधन आधी आणि अर्धं सामन्यानंतर असं ठरलं होतं.

"गाडी मंग. पह्यले मन्या पोरीसले पैसा दे."

"अक्का, आधी पाय तर बघा!"

"पाय मना शे, मी देखसू. तू पैसा काढ."

त्यांनी काढले. अक्का मातीत पडल्या पडल्या बघत राहिली, प्रत्येक पोरीच्या हातात पैसे पडेपर्यंत. मग म्हणाली, "चाला आते, जठे लई जानं शे तठे लई जा."

तिचं डोकं मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसले. त्यानंतर ती पुन्हा खेळू शकली नाही. पंचांनी पॉइंट तिलाच दिला होता.