डबा रिकामा देऊ नये

शेजाऱ्यांकडून आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही, अगदीच काही नसेल तर चमचाभर साखर घालायची, ही माझ्या आईची शिकवण. ती पाळता पाळता मी एका बाईचे सात डबे वर्षभर परतच दिले नाहीत.

करंजाड्यात आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकू मूळच्या जवळच्याच नेरे गावच्या. मागच्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला, तेव्हा तीन आठवडे त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, काही ना काही पाठवलं. घरात आम्ही दोघंच, आणि नवऱ्याची मजल चहापर्यंत. काकू नसत्या तर आम्ही बिस्किटांवर दिवस काढले असते. अशा डब्यांत चमचाभर साखर कशी घालणार? काहीतरी मनापासून करून द्यायचं ठरवलं. ठरवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मला एडीएचडी आहे, हे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर घरात त्याला वेंधळेपणा म्हणत. लक्ष टिकत नाही, आणि डोळ्यांआड गेलेली गोष्ट माझ्यापुरती जगातूनच जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कृतज्ञतेची वही ठेवा, रोज लिहा. मी उत्साहाने तीन वह्या आणल्या. तिन्हींच्या पहिल्या पानावर काकू आहेत. पुढे सगळं कोरं.

एका रविवारी करंज्यांचा घाट घातला. सारण गॅसवर ठेवून वेलची शोधायला कपाट उघडलं, तर तिथे जुने फोटो सापडले. धुराच्या वासाने नवरा धावत आला.

"आता फोटोच दे डब्यात भरून," तो म्हणाला.

डबे माळ्यावर गेले. म्हणजे जगातून गेले.

यंदा गणपती झाल्यावर एका सकाळी बेल वाजली. दारात काकू, खाली टेम्पो. घर विकून त्या कायमच्या नेऱ्याला निघाल्या होत्या.

"माझं डबं असतील तं दे गो बाय. रिकामंच दे."

मी माळ्यावरून डबे काढले. दोन डब्यांची झाकणं मिळेनात.

"थांबा काकू, काहीतरी घालते."

"नको. आमच्या हातचं तुमाला चालत नाय, तं पयलेच सांगायचं. मी उगाच पाठवीत रायले."

"अहो, बोटं चाटून खाल्लं आम्ही!"

"मग वरीस झालं, एक शब्द नाय?"

"दिवाळीला फराळ दिला ना..."

"तो तं आख्ख्या बिल्डिंगला देतेस."

खरं होतं. दिवाळीत सगळे ताटं घेऊन फिरतात, म्हणून मलाही आठवतं. उरलेल्या वर्षात मला ढकलायला कुणी नसतं. मग मी माझा आजार सांगायला लागले. लक्ष, मेंदू, गोळ्या. काकू डबे छातीशी धरून सगळं ऐकत होत्या. जितकं बोलत गेले, तितकं ते मलाच खोटं वाटायला लागलं.

"येते," त्या म्हणाल्या. लिफ्टचं दार लागलं.

नेरे इथून रिक्षाने फार तर अर्धा तास. तीन महिने झाले. फोन नंबरही आहे. पण आता फोन करायचा, तर इतके दिवस का केला नाही हे आधी सांगावं लागेल, आणि माझ्याकडे असलेलं एकुलतं एक कारण त्यांनी दारात उभं राहून ऐकून घेतलंय.