इंदूवहिनींची गोणी

इतर बायका कुणाकडे जाताना पेढे नेतात. आमच्या इंदूवहिनी गोणी नेत. गोणीत त्याच घरचा कचरा असे.

चिखलीत आमच्या घरामागे वनखात्याची टेकडी आहे. कुणी बंगला बांधला की राडारोडा टेकडीवर, बाथरूम बदललं की जुना कमोड टेकडीवर. वर्कशॉपवाल्यांचा फोम, चिकनवाल्याची पिसं, सगळं टेम्पोनं येऊन घळीत उलटं व्हायचं. शहरातल्या माणसाला जंगल फार आवडतं. घरात मावत नाही ते तिथे मावतं.

वहिनी दर रविवारी चार-पाच जणांना घेऊन ती घळ साफ करत. त्यांत मी असे. समाजसेवेची आवड म्हणून नव्हे. धाकट्या दिराला नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून. हल्ली ऑनलाइन खरेदीमुळे कचऱ्यावर नाव-पत्ता छापूनच येतो. तसं खोकं सापडलं की वहिनी त्याच्या आसपासचा ढीग गोणीत भरत, माझ्या स्कूटरच्या पुढ्यात ठेवत आणि मागे बसत. मालकाच्या दारात मी हेल्मेट काढत नसे. वाहतुकीच्या नियमांचा एवढा आदर मी रस्त्यावर कधी केला नाही.

निगडीला प्राधिकरणातल्या एका बंगल्याची बेल त्यांनी दाबली. मालक झोपाळ्यावरून उठून आले.

"साहेब, तुमचं सामान डोंगरावर इसरलं व्हतं. म्हनलं, झोप न्हाई यायची तुमाला."

साहेबांनी गोणीतला कमोड पाहिला. "आमच्या कामवालीनं टाकलं असेल."

"येवढं धूड तिनं डोक्यावरनं न्हेलं? मंग पगार वाढवा तिचा."

एकदा चाकणच्या कुठल्याशा कंपनीची माणसं बसनं आली. एकसारखे टीशर्ट, पांढरेशुभ्र हातमोजे, डोक्यावर ड्रोन. थोडा वेळ त्यांनी कचरा उचलला आणि पुष्कळ वेळ उचलतानाचे फोटो काढले. मग पोहे खाऊन प्लेटा तिथेच टाकून गेली. वन वाचवा असं सांगणारा फ्लेक्स झाडाला खिळे मारून लावलेला, तोही राहिला. वहिनी म्हणाल्या, "पाव्हनं रीतीचं हायेत, भावजी. आहेर ठिवून गेलं."

मग वहिनींच्या मुलाचं, अमोलचं लग्न झालं. लॉनवर, थाटात. पुढच्या रविवारी दुपारी घरी सत्यनारायण होता, व्याही-विहीणबाई लातूरकडून आले होते. तरी सकाळी वहिनी टेकडीवर हजर. घळीत नवा ढीग होता: थर्माकोलच्या वाट्या, कमानीची फुलं, पाण्याच्या बाटल्या. वर एक फ्लेक्स. फ्लेक्सवर अमोल, सूनबाई कोमल आणि खाली स्वागतोत्सुक म्हणून मी, हात जोडलेला. माझ्या तोंडावर बासुंदी वाळून मुंग्या लागल्या होत्या. एवढी गर्दी माझ्याभोवती प्रथमच झाली.

मी हळूच म्हणालो, "वहिनी, घंटागाडीला देऊन टाकू. आज व्याही घरात आहेत. आणि हे मांडववाल्यानं टाकलंय, आपण थोडंच?"

"निगडीचा सायेब बी असंच म्हनला व्हता," वहिनी म्हणाल्या. "भरा."

गोणी भरली. वहिनींनी स्वतःच्याच दाराची बेल दाबली. कोमलनं दार उघडलं.

"इंदूबाई हायेत का घरात?"

कोमल गोंधळली. "आई, तुम्हीच ना?"

"त्यांचं सामान डोंगरावर इसरलं व्हतं. घ्या." आणि गोणी चौरंगाशेजारी, सगळ्या पाहुण्यांसमोर ओतली.

"आई, लाज काढलीस!" अमोल ओरडला.

"मी न्हाई काढली, बाबा. डोंगरावर पडली व्हती, उचलून आनली."

विहीणबाईंनी नाकाला पदर लावला. "असल्या घरात लेक दिली मी!" म्हणाल्या आणि प्रसाद न घेता उठल्या. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारल्यावर काय होतं ते पोथीत लिहिलंय. पण त्यांना तो धोका आमच्या घरापेक्षा बरा वाटला.

त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. माहेराहून फोन आला की कोमल मागच्या खोलीत जाऊन बोले, आणि वहिनी स्वयंपाकघरात भांडी उगाच घासत बसत. मी म्हणायचो, "एक शब्द माफीचा टाका. पोरीसाठी."

"टाकते की. कचरा केला त्याची माफी मागते. गोणी आनली त्याची न्हाई." असला अर्धा माल विहीणबाईंना नको होता.

गेल्या थंडीत वहिनी गेल्या. तेराव्याला विहीणबाई आल्या. कुणाशी न बोलता पंगतीत बसल्या, जेवल्या. पत्रावळी, द्रोण, बाटल्या केटररच्या टेम्पोत भरून झाल्या, तेव्हा बघतो तर नव्या लुगड्यातल्या विहीणबाई ड्रायव्हरशेजारी चढून बसलेल्या.

"अहो, कुठे निघालात?" मी धावत गेलो.

"ह्यो कुठं ओततो ते बघून येते."

ड्रायव्हर दुखावला. "मावशी, बरोबर जागीच टाकतो की. इस्वास न्हाई व्हय माझ्यावर?"

"तुझ्यावर हाय रे, लेकरा," विहीणबाई म्हणाल्या. "त्या बाईवर न्हाई. मेली म्हणून काय झालं? माझी बी पत्रावळ हाय ह्यात. गोणी घिऊन माझ्या दारात यील ती. चल, चालू कर."